कुंभारवाडा आणि परिसर : पाहण्याजोगी ठिकाणे

गणपती-दिवाळीला गावी येणाऱ्या आपल्या सभासदांकडून एक प्रश्न दरवर्षी येतो : "पाव्हणे बरोबर आहेत, गोवा बघून झाला, आता इथे काय दाखवायचे?" प्रश्न विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांचा जन्म जोयडा तालुक्यातला असतो. लहानपणी जे रोज दिसत होते, ते 'पाहण्यासारखे' असते हे कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून ही माहिती एके ठिकाणी मांडत आहे. गोव्याची दोन ठिकाणेही त्यात घेतली आहेत, कारण डोंगर एकच आहे. राज्याची हद्द माणसांनी आखली. पाणी, गवा आणि वाघ ती मानत नाहीत.

परिसराची ओळख

कुंभारवाडा हे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावरचे गाव. तालुक्याचे जुने नाव सुपा. सुपा गाव काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमाजवळ होते. धरणाच्या पाण्यात ते गेले आणि तालुक्याचे ठिकाण जोयड्याला आले. विस्थापितांची मोठी वसाहत रामनगरला झाली. तालुक्यात कोकणी, मराठी आणि कन्नड तिन्ही भाषा कानावर पडतात. एकाच घरात तिन्ही बोलल्या जाणे इथे नवलाचे नाही.

कुंभारवाडा हे काळी व्याघ्र प्रकल्पातल्या एका वनपरिक्षेत्राचेही नाव आहे. दांडेली अभयारण्य 1956 मध्ये जाहीर झाले, अणशी राष्ट्रीय उद्यान 1987 मध्ये. 2007 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 च्या अखेरीस त्याला काळी नदीचे नाव मिळाले. अभयारण्य सुमारे 475 आणि उद्यान सुमारे 340 चौरस किलोमीटरचे आहे. म्हणजे आपली बरीच गावे जंगलाशेजारी नसून जंगलातच आहेत. पुढची सगळी माहिती वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

काळी नदी आणि सुपा धरण

काळी नदी याच तालुक्यात दिग्गी गावाजवळ उगम पावते आणि 184 किलोमीटर वाहून कारवारला समुद्रास मिळते. एवढ्याशा लांबीत तिच्याकडून जे काम करून घेतले जाते ते थक्क करणारे आहे. गणेशगुडीचे सुपा धरण 101 मीटर उंच आणि 332 मीटर लांब असून ते 1987 मध्ये पूर्ण झाले. पायथ्याच्या वीजघरात 50 मेगावॅटचे दोन संच आहेत. तेच पाणी पुढे बोम्मनहळ्ळीच्या बंधाऱ्यातून नागझरीच्या वीजघरात, मग कोडसळ्ळीला (120 मेगावॅट) आणि शेवटी कद्र्याला (150 मेगावॅट) जाते. एकाच पाण्यातून चार वेळा वीज काढली जाते. कद्र्याच्या जलाशयातूनच कैगा अणुवीज केंद्राला थंडाव्यासाठी पाणी मिळते.

धरणाच्या भिंतीजवळ जाण्यास परवानगी लागते; ती नसली तरी गणेशगुडीच्या रस्त्यावरून भिंत दिसते. राफ्टिंगही इथूनच सुरू होते. त्यासाठीचे पाणी पावसावर नाही, वीजघरातून सोडण्यावर अवलंबून असते. वीजघर बंद असेल तर राफ्टिंग नाही, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी. धरणाखालच्या पात्रात पोहायला उतरू नये. पाणी सोडले की पात्र पाहता पाहता भरते.

पक्षी आणि वन्यप्राणी

गणेशगुडीचे 'ओल्ड मॅगझिन हाऊस' हे पक्षीनिरीक्षकांचे आवडते ठिकाण. नाव ऐकून पुस्तके-मासिके आठवतात, पण सुपा धरणाच्या बांधकामासाठी सुरुंगाची दारू इथे साठवत, म्हणून ते 'मॅगझिन'. आज तिथे कुंड्यांत पाणी ठेवलेले असते आणि त्यावर जंगलातले लहान पक्षी येतात. गप्प बसण्याची तयारी असेल तर हाताच्या अंतरावरून दिसतात.

दांडेली परिसर धनेशासाठी प्रसिद्ध आहे. मोठा धनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि साधा राखी धनेश असे चारही प्रकार इथे आढळतात. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते, आणि नर तिला उंबरा-वडाची फळे आणून भरवतो. ढोलीचे जुने झाड तोडले की पुढच्या पिढीची जागा जाते, एवढा साधा हिशेब आहे.

गवा, सांबर, भेकर, शेकरू हे प्राणी रस्त्याने जातानाही दिसू शकतात. काळा बिबट्या हे अणशीच्या जंगलाचे वैशिष्ट्य. तो वेगळा प्राणी नसून बिबट्याच, फक्त अंगभर काळा रंग उतरलेला. वाघ आहे, पण दिसेल याची हमी कोणी देत असेल तर त्याला पैसे देऊ नयेत. सफारी आणि मुक्कामासाठी वनखात्याची कुळगी व अणशी इथे निसर्ग शिबिरे आहेत. आरक्षण आधी करावे.

सिंथेरी खडक

गुंदच्या बाजूला कानेरी नदीकाठी सुमारे तीनशे फूट उंचीचा एकसंध कडा उभा आहे. पायऱ्या उतरून खाली गेले की नदीने खडक कसा कोरून काढला आहे ते दिसते. कड्यावर आग्या मोहोळे लोंबकळत असतात आणि कपारींत पारव्यांचा घुमार चालू असतो. मोठ्याने गाणी लावणे, धूर करणे, दगड मारणे हे तिथे शिष्टाचारापुरते चुकीचे नाही, जिवाशी खेळ आहे. पात्रात भोवरे आहेत. पाण्यात उतरू नये.

कवळा गुंफा

फणसोलीच्या जंगलात सुमारे पावणेचारशे पायऱ्या उतरून या गुंफेकडे जावे लागते. आत चुनखडीचे शिवलिंग आहे. वरून झिरपणारे पाणी दगडातला चुना विरघळवून आणते, थेंब पडतो, पाणी सुकते आणि चुन्याचा अगदी पातळ थर मागे राहतो. असे थर साचून लिंग तयार झाले आहे. हात लावला तर तेलकटपणाने वाढ थांबते, म्हणून नमस्कार लांबूनच करावा. महाशिवरात्रीला भाविकांची गर्दी असते. एरवी वनखात्याच्या परवानगीने जावे. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी परतीच्या चढाचा विचार आधीच करावा.

उळवी

बाराव्या शतकात कल्याणात झालेल्या उलथापालथीनंतर बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा शरणांसह या जंगलात आले. त्यांची समाधी उळवीला आहे. माघात भरणाऱ्या जत्रेला धारवाड-बेळगाव भागातून शेतकरी आजही सजवलेल्या बैलगाड्या घेऊन येतात. त्या दिवसांत घाटरस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात. घाईच्या माणसाने तो रस्ता टाळावा. ज्याला घाई नाही, त्याने मात्र मुद्दाम त्याच दिवसांत जावे. जवळच अक्कनागम्मांची गुंफा आहे.

अणशी घाट ते कारवार

कुंभारवाड्याकडून अणशीला आणि पुढे घाट उतरून कद्र्याला जाणारा रस्ता हेच एक प्रेक्षणीय स्थळ आहे. पावसाळ्यात कड्यावरून ठिकठिकाणी धबधबे सुटतात. मात्र याच दिवसांत दरडीही येतात, म्हणून निघण्यापूर्वी रस्ता चालू असल्याची चौकशी करावी. खाली कारवारला काळीच्या मुखावर सदाशिवगड आहे. थोरले बंधू सत्येंद्रनाथ कारवारला न्यायाधीश असताना रवींद्रनाथ ठाकूर इथे येऊन राहिले होते. तिथल्या किनाऱ्याला त्यांचेच नाव आहे.

कॅसलरॉक, दूधसागर आणि तांबडी सुर्ला

कॅसलरॉक हे आपल्या तालुक्यातले रेल्वेस्थानक. ब्रिटिश हद्दीला पोर्तुगीजांच्या मुरगाव बंदराशी जोडणारी ही घाटातली लाईन 1888 मध्ये सुरू झाली. 1961 मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत हे सरहद्दीवरचे स्थानक होते. इथून गाडी बोगद्यांतून गोव्यात उतरते आणि दूधसागरासमोरच्या पुलावरून जाते. सुमारे 310 मीटर उंचीचा, चार टप्प्यांत कोसळणारा हा धबधबा गोव्याच्या भगवान महावीर अभयारण्यात आहे. त्याचे पाणी पुढे मांडवीला मिळते. पायथ्याशी जायचे तर कुळ्याहून जीप मिळतात, साधारण ऑक्टोबर ते मे. रुळांवरून चालत जाण्यास बंदी आहे. ती दंडासाठी नाही, गाडी आली तर बाजूला व्हायला जागाच नसते म्हणून आहे.

रामनगरहून अनमोड घाट उतरून मोलेला गेले की तिथून तांबडी सुर्ल्याचे महादेव मंदिर जवळ आहे. कदंबांच्या काळातले, बाराव्या-तेराव्या शतकातले हे काळ्या दगडाचे मंदिर आकाराने लहान आहे, पण कोरीवकाम सावकाश पाहण्यासारखे. मंडपातल्या नंदीला शिर नाही. गोव्यातली बहुतेक जुनी देवळे पडली किंवा नव्याने बांधली गेली. हे आडरानात असल्यामुळे वाचले.

याच घाटात लोहमार्ग दुहेरी करण्याच्या प्रस्तावाला दिलेली वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली. जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने गोव्याच्या बाजूचे जंगलही व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करण्याचा आदेश दिला; त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. पलीकडे काय ठरते याचा परिणाम अलीकडच्या जंगलावर होणारच.

माणसे आणि कंदमुळे

पर्यटकांच्या यादीत सहसा नसलेली पण मुद्दाम पाहावी अशी गोष्ट म्हणजे इथल्या कुणबी घरांची परसबाग. कोनं, काटेकणगी, मुडली अशी कितीतरी कंदमुळे पिढ्यान्‌पिढ्या बी राखून टिकवलेली आहेत. हिवाळ्यात जोयड्याला भरणाऱ्या कंदमेळ्यात ती एकत्र पाहायला आणि विकत घ्यायला मिळतात. मुडलीचा एक गड्डा घरी नेला तर अख्ख्या कुटुंबाची भाजी होते.

ही घरे किती दिवस दिसतील, हा प्रश्न आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला पूर्वी 10 लाख रुपये मिळत, 2021 पासून 15 लाख मिळतात. काही कुटुंबे गेली, काही थांबली. दोन्ही बाजूंनी कारणे खरी आहेत. पावसाळ्यात आजाऱ्याला दवाखान्यात नेताना जो हाल सोसतो, त्याला 'जंगल सोडू नका' असे शहरात बसून सांगणे सोपे असते. पण बँकेतली सवय म्हणून एक हिशेब मांडतो. 15 लाख ठेवीत टाकले आणि सात टक्के व्याज धरले, तर वर्षाला 1,05,000 म्हणजे महिन्याला 8,750 रुपये होतात. त्यात घरभाडे, तांदूळ, सरपण, भाजी सगळे विकत. परसात जे फुकट उगवत होते त्याची किंमत कुठल्याच पासबुकात लिहिलेली नव्हती. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, पण हा आकडा समोर ठेवून घ्यावा. आणि रक्कम घेतलीच, तर पहिल्या वर्षी गाडी घेऊ नये.

कधी जावे, काय सांभाळावे

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सोयीचा काळ. पक्ष्यांसाठी मार्चपर्यंत चालेल. पावसाळ्यात जंगल सुंदर असते, पण जळवा, दरडी आणि पूर यांची तयारी हवी.

एक दिवस असेल तर गणेशगुडी आणि सुपा. दुसऱ्या दिवशी सिंथेरी आणि उळवी. तिसऱ्या दिवशी अणशी घाटाने कारवार. चौथा दिवस मिळाला तर दूधसागर आणि तांबडी सुर्ला.

मुक्कामाला होमस्टे निवडताना तो परवानाधारक आहे का आणि गावातल्याच माणसाचा आहे का, हे विचारावे. जिल्ह्यात उन्हाळ्याच्या सुमारास गोचिडीतून माकडताप होतो. जंगलात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आवर्जून सांगावे. प्लास्टिक परत आणावे. मोबाईलला अनेक ठिकाणी रेंज नसते, तेव्हा घरी परतीची वेळ सांगून निघावे.

शेवटी एक विनंती. पुढच्या वेळी गावी याल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर घ्या. ओढ्यांची, टेकड्यांची, देवराईंची नावे त्यांना पाठ आहेत आणि ती कुठल्याही नकाशावर नाहीत. ती लिहून आणा. मंडळ ती इथे जपून ठेवील. सुपा गाव बुडाले तेव्हा हे काम कोणी केले नव्हते.