गाडी घरीच खोलताय? मग आधी या साध्या चुका माहीत करून घ्या

ऑइल बदलणं, ब्रेक पॅड बदलणं, प्लग साफ करणं ही कामं आजकाल मोबाइलवर व्हिडिओ बघून घरीच करता येतात. पान्यांचा सेट ऑनलाइन मिळतो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सावली असते आणि रविवार मोकळा असतो. व्हिडिओत सगळं बारा मिनिटांत उरकतं. आपली मात्र संध्याकाळ होते आणि शेवटी गाडी ढकलत गॅरेजला न्यावी लागते.

गंमत अशी की चूक सहसा अवघड भागात होत नाही. ती इतकी साधी असते की मेकॅनिकला सांगायचीही लाज वाटते. मग आपण सांगत नाही आणि खर्च तिथूनच वाढायला लागतो. या लेखात मोटरसायकल आणि स्कूटरवर घरी काम करताना होणाऱ्या अशाच चुका बघू. यातल्या तीन मी स्वतः केल्या आहेत, त्यामुळे कुणाला हसायचा माझा प्रश्नच येत नाही.

काम झालं, पण गाडी चालूच होत नाही

उजव्या हँडलवरचं लाल बटण, म्हणजे किल स्विच, आधी बघा. काम करताना हँडल इकडेतिकडे फिरवतो, गाडी पुसतो, तेव्हा ते कधी दाबलं जातं हे कळतही नाही. किक मारली की इंजिन फिरतं, आवाजही येतो, पण प्लगला करंट जात नाही. काही गाड्यांत सेल्फसुद्धा फिरतो, त्यामुळे फसायला जास्तच होतं. मी एकदा प्लग काढून साफ केला, बॅटरीच्या वायरी घट्ट केल्या, एअर फिल्टर उघडून बघितला. दीड तासाने शेजारच्या पाचवीतल्या मुलाने विचारलं, "दादा, हे लाल बटण कशाला असतं?"

दुसरी गोष्ट साइड स्टँड. बीएस-६ नंतरच्या बऱ्याच गाड्यांत स्टँड खाली असेल तर इंजिन चालू होत नाही किंवा गिअर टाकला की बंद पडतं. तिसरी गोष्ट प्लगची कॅप. ती नुसती टेकवून चालत नाही, टक् असा आवाज येईपर्यंत दाबावी लागते.

कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक सगळ्यात बेरकी. काम करताना आपण तो बंद करतो आणि विसरतो. तरी गाडी पहिल्या किकला चालू होते, कारण कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल शिल्लक असतं. आपण खूश होऊन चक्कर मारायला निघतो आणि पुढच्या चौकात गाडी बंद. मग वाटतं, आपण काहीतरी मोठं बिघडवून ठेवलंय.

बोल्ट कुठल्या बाजूला फिरवायचा?

प्रश्न बालिश वाटेल, पण सगळ्यात महागडी चूक इथेच होते. नियम सरळ आहे: बोल्टच्या डोक्याकडे समोरून बघितलं, तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवल्यावर तो सैल होतो. घोळ "समोरून" या शब्दात आहे. ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट इंजिनच्या खाली असतो आणि आपण वरून वाकून बघत असतो. वरून बघताना दिशा उलटी दिसते.

माझ्या बाबतीत यात मोबाइलने भर घातली. खाली वाकायला नको म्हणून मी फोन जमिनीवर ठेवला, सेल्फी कॅमेरा चालू केला आणि स्क्रीनवर बोल्ट बघत पाना फिरवू लागलो. आता सेल्फी कॅमेऱ्याचा प्रिव्ह्यू जवळपास सगळ्या फोनमध्ये आरशासारखा असतो, डावं-उजवं उलटं. स्क्रीनवर मी बोल्ट घड्याळाच्या उलट फिरवत होतो. प्रत्यक्षात आवळत होतो. निघत नाही म्हणून पान्याला लोखंडी पाइप लावला आणि जोर दिला. एकदम हलकं वाटलं. म्हटलं, निघाला! निघाला नव्हता, आटे गेले होते.

खाली बघायला फोन वापरायचाच असेल तर मागच्या कॅमेऱ्याने व्हिडिओ घ्या आणि मग बघा. तो उलटा दिसत नाही.

काही ठिकाणी आटेच मुळात उलटे असतात. सायकलचं डावं पेडल हे नेहमीचं उदाहरण. ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सैल होतं. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत उजव्या आरशाचे आटेही उलटे असतात. बोल्ट जरा जास्तच हट्टी वाटला तर जोर लावण्याआधी सर्व्हिस मॅन्युअल उघडा.

आणखी थोडं आवळूया, म्हणजे पक्कं होईल

इंजिनचं बाहेरचं अंग ॲल्युमिनियमचं असतं आणि बोल्ट पोलादाचा. दोघांच्या भांडणात हरतं ॲल्युमिनियम. बोल्ट नवा मिळतो, पण आटे इंजिनमध्ये असतात.

थोडं गणित करू, कारण अंदाज इथेच चुकतो. आवळण्याचा जोर म्हणजे टॉर्क, आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. २० सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १५ किलो वजनाइतका जोर दिला की जवळपास ३० न्यूटन-मीटर होतात. बऱ्याच १०० ते १५० सीसी गाड्यांच्या ड्रेन बोल्टला २० ते ३० पुरतात. त्याच हाताने, तोच जोर ६० सेंटीमीटरच्या पाइपवर दिला तर ९० होतात. हाताला फरक जाणवत नाही, आट्यांना जाणवतो. ज्या लहान बोल्टला १० नंबरचा पाना लागतो, त्याला तर १० न्यूटन-मीटरच्या आसपासच लागतात. म्हणजे त्याच पान्यावर जेमतेम ५ किलोचा जोर. तुमच्या गाडीचे नेमके आकडे मॅन्युअलमध्ये असतात. टॉर्क रेंच परवडत नसेल, तर निदान पाना टोकाला न धरता मधे धरा.

जाता जाता, १० नंबर पान्याचा बोल्ट हरवला तर दुकानात "१० एमएमचा बोल्ट द्या" म्हणू नका. पान्याचा नंबर हे डोक्याचं माप आहे. बोल्टची जाडी बहुधा ६ मिलिमीटर असते. बोल्ट बसवताना पहिले तीन-चार फेरे पाना न लावता बोटांनीच द्या. बोटांनी फिरत नसेल तर तो वाकडा बसतोय. पाना लावला की वाकडाही आत जातो, सोबत आटे कापत.

ऑइल बदलताना

गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये दोन ऑइल असतात. इंजिनचं वेगळं आणि मागच्या चाकाजवळच्या गिअरबॉक्सचं वेगळं. दोघांचे ड्रेन बोल्टही वेगळे. नवखा माणूस गिअर ऑइल काढतो आणि नवं ऑइल इंजिनमध्ये ओततो. आता इंजिनमध्ये जवळपास दुप्पट ऑइल आणि गिअरबॉक्स कोरडा, पण गाडी मात्र मजेत चालू होते. बाहेर आलेलं ऑइल मोजा. मॅन्युअलमध्ये ७०० मिली लिहिलंय आणि भांड्यात १०० मिलीच आलं, तर चुकीचा बोल्ट उघडलाय.

फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग झाकणाला किंवा इंजिनला चिकटून राहते. तिच्यावरच नवी बसवली की ऑइल गळणार. काही फिल्टरची एक बाजू ठरावीक दिशेलाच लावायची असते आणि तसं त्यावर लिहिलेलंही असतं. आणि हो, जुनं काढून नवं न ओतताच गाडी चालू करणारेही आहेत. यात मी नाही. पण मी सवयीने नव्या ऑइलचा डबा झाकण उघडून सीटवरच ठेवतो, म्हणजे तो उचलल्याशिवाय बसताच येत नाही.

ब्रेक: इथे मात्र हसण्यावारी नेऊ नका

डिस्क ब्रेकचे नवे पॅड जुन्यांपेक्षा जाड असतात. ते बसवायला कॅलिपरमधला पिस्टन आत ढकलावा लागतो. काम झालं, चाक फिरलं, सगळं छान दिसतं. पण पिस्टन अजून पॅडपासून लांब असतो. पहिल्यांदा लिव्हर दाबली की ती थेट हँडलला टेकते आणि ब्रेक लागतच नाही. दोन-चार वेळा दाबल्यावर पिस्टन पुढे येतो आणि लिव्हर कडक होते. ही दाबादाबी गाडी उभी असतानाच करायची.

मी ती केली नव्हती. पार्किंगच्या उतारावरून निघालो, गेटजवळ लिव्हर दाबली आणि हाताला काहीच लागलं नाही. मागचा ब्रेक ड्रमचा होता, त्यावर गाडी थांबली. गेटच्या लोखंडी पट्टीपासून हातभर अंतरावर. वॉचमन काकांना वाटलं मी स्टंट करतोय.

पॅड किंवा डिस्कला तेल, ग्रीस किंवा चेन ल्यूबचा स्प्रे लागू देऊ नका. ब्रेक कुरकुरतोय म्हणून डिस्कवर तेलाचा स्प्रे मारणारे लोक मी पाहिलेत. कुरकुर थांबते, सोबत ब्रेकही. तेल पॅडमध्ये मुरलं असेल तर पॅड बदला. ब्रेक ऑइल टाकीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उडतो.

जुना होता तसाच नवा

अशा चुका फक्त नवख्यांच्याच होतात असं नाही. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं ५३९० क्रमांकाचं विमान बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं. साधारण १७,३०० फुटांवर कॉकपिटची एक काच निखळली आणि कॅप्टन कमरेपासून वर विमानाबाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवलं आणि सगळे वाचले. उड्डाणाच्या २७ तास आधी ती काच बदलली होती. नव्या ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट ०.०२६ इंचाने बारीक होते, म्हणजे एका मिलिमीटरहूनही कमी फरक. उरलेले ६ लांबीला कमी. काम करणाऱ्या अनुभवी माणसाने पार्ट नंबर न बघता जुना बोल्ट नमुन्याला घेतला आणि नजरेने नवे जुळवले. त्यात जुने बोल्टच चुकीचे बसवलेले होते.

आपल्या गाडीतही आधीच्या मालकाने किंवा गॅरेजने काय बसवलंय, सांगता येत नाही. म्हणून जुना पार्ट दाखवून "असाच द्या" म्हणण्याऐवजी मॉडेल आणि वर्ष सांगून पार्ट नंबर जुळवा.

फोनचा खरा उपयोग

व्हिडिओ बघण्यापेक्षा फोटो काढण्यासाठी फोन जास्त कामाचा. काहीही सोडवण्याआधी एक फोटो लांबून, एक जवळून. वायरी आणि नळ्या कुठून कुठे जातात ते दिसायला हवं. स्प्रिंग आणि वायसर कुठल्या क्रमाने निघाले ते तिथेच जमिनीवर ओळीने मांडा आणि त्याचाही फोटो घ्या. वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असतील तर पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवा. बॅटरी काढताना निगेटिव्ह वायर आधी, लावताना शेवटी. म्हणजे पाना चुकून चॅसिसला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

मेकॅनिकला काय सांगायचं?

ड्रेन बोल्टचे आटे गेल्यावर मी काय केलं? बोल्टला पांढरी टेप गुंडाळली, परत बसवला आणि कुणालाच बोललो नाही. पाचव्या दिवशी वळणावर मागचं चाक सरकलं. टायरवर ऑइल आलं होतं. पडलो नाही, पण मागे बस होती.

गॅरेजच्या काकांना म्हटलं, "ऑइल गळतंय, गास्केट गेलं असेल." वाऱ्याने ऑइल इंजिनभर पसरलेलं, त्यामुळे त्यांनाही ते पटलं. त्यांनी बाजूचं कव्हर खोललं, गास्केट बदललं, पैसे घेतले. दोन दिवसांनी परत गळती. सॉफ्टवेअरमध्ये कुणी मला असा अर्धवट बग रिपोर्ट दिला असता तर मी चिडलो असतो. इथे मीच तो दिला होता.

दुसऱ्यांदा गेल्यावर काकांनी बोल्ट काढला, टेप बघितली आणि एवढंच म्हणाले, "पाइप लावला होतास ना?" मग त्यांनी भोक मोठं करून आत नवे आटे बसवले. तासाभराचं काम. गास्केटचा खर्च उगाच झाला तो झालाच.

गाडी देताना चार गोष्टी सांगा: काय खोललं, कशाने खोललं, काय तुटलं किंवा उरलं, आणि त्यानंतर गाडी किती चालवली. तोंडावर सांगायला अवघड वाटत असेल तर फोटोंसकट व्हॉट्सॲपवर पाठवा. उरलेला स्क्रू किंवा वायसर खिशात घालून सोबत न्या, तो कुठला हे त्यांना एका नजरेत कळतं.

आता मी गाडी नेली की काका हात पुसत पुसत आधी विचारतात, "बोल, या रविवारी काय काय खोललंस?"