सायकलचा बिल्ला आणि कोपऱ्यावरची टपरी

सायकलवर कर होता म्हटलं की आजची पोरं हसतात. पण आपल्याकडच्या कितीतरी नगरपालिका तो घेत. पैसे भरले की पत्र्याचा नाहीतर पितळेचा बिल्ला मिळायचा. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलात, की दंड.

आमच्या घरची 22 इंची काळी हर्क्युलस त्या बिल्ल्याच्या काळातली. वीसेक वर्षं परसातल्या खोलीत पडून होती. गेल्या महिन्यात ती बसस्टँडमागच्या टपरीवर नेली. मिस्त्रीकाकांनी दोन दिवसांत सगळं ओव्हरऑइलिंग केलं. छर्रे आणि कोन बदलले, झिजलेल्या कॉटर पिना ठोकून काढल्या, चाकांचा आउट काढला, टायर-ट्यूब नवे टाकले.

मी विचारलं, "काका, एवढ्या जुन्या सायकलचं सामान अजून मिळतं कसं?"

"भाऊ, काळ्या सायकलचं माप बदललंच कुठं?"

एवढ्या एका वाक्यात मोठा इतिहास आहे. इंग्रजांच्या काळात रॅले, हर्क्युलस, बीएसए या सायकली इंग्लंडहून यायच्या. स्वातंत्र्यानंतर कारखाने इथंच निघाले. 1949 मध्ये मद्रासला टीआय सायकल्स स्थापन झाली, हर्क्युलस तिचीच. 1951 मध्ये सोनीपतला ॲटलस, 1956 मध्ये लुधियानाला हीरो. नावं वेगळी, पण 28 इंची चाक, दांडीचे ब्रेक, कॉटर पिनचा क्रँक, अर्ध्या इंच पिचची चेन, हा साचा सगळ्यांचा तोच. त्यामुळे एका कंपनीचे बहुतेक सुटे भाग दुसरीच्या सायकलला चालायचे.

म्हणूनच चार पाने, एक हातोडी, एक पंप आणि पाण्याचं घमेलं एवढ्यावर गावोगाव दुकानं उभी राहिली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची गरजच पडली नाही. दूधवाले, पेपरवाले, पोस्टमन, शाळेतले मास्तर, सगळ्यांचं रहाटगाडगं या दुकानांवर चाललं. ॲटलसच्या साहिबाबाद कारखान्याचं काम 3 जून 2020 ला, नेमकं जागतिक सायकल दिनी थांबलं. पण रस्त्यावरच्या जुन्या ॲटलस थांबल्या नाहीत, कारण कोपऱ्यावर मिस्त्री होता.

आता मुद्द्याचं. रस्ता रुंदीकरणात ही टपरी जाणार असं ऐकतोय. नव्या संकुलातल्या गाळ्याची अनामत काकांच्या आवाक्यातली नाही.

मित्रांनो, 2014 चा पथविक्रेता कायदा फक्त भाजी-वडापाववाल्यांसाठी नाही. रस्त्याकडेला बसून लोकांना सेवा देणाराही त्यात येतो. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्याला हटवता येत नाही, असं कायदाच सांगतो. तेव्हा पालिकेनं आधी सर्वेक्षण करावं, सायकल मिस्त्रींची नावं त्यात घ्यावीत आणि मगच मोजपट्टी काढावी.

ज्या सायकलवर पालिकेनं इतकी वर्षं कर घेतला, तिच्या मिस्त्रीला सहा बाय सहाची जागा देणं काही फार नाही. तुमच्या वॉर्डात असे किती मिस्त्री उरलेत, कमेंटमध्ये लिहा. यादी करू आणि आपल्या नगरसेवकांच्या हातात देऊ.