राजवाड्यासमोरील न्यायमूर्ती

इंदूरच्या राजवाड्यासमोर उद्यानात देवी अहिल्याबाई होळकर यांचा पुतळा आहे. न्यायनिष्ठ राज्यकर्ती म्हणून आज दोन शतकांहून अधिक काळ लोक त्यांना स्मरतात. मात्र न्यायाची जी चिन्हे आपण अन्यत्र पाहतो, ती त्यांच्या प्रतिमांत आढळत नाहीत. रोमन न्यायदेवतेच्या हाती तराजू व खड्ग असते; मुंबईच्या उच्च न्यायालयाची इमारत १८७८ साली पूर्ण झाली, तिच्या माथ्यावर तर न्याय आणि दया अशा दोन निरनिराळ्या मूर्ती आहेत. अहिल्याबाईंच्या रूढ प्रतिमेत तळहातावर केवळ शिवपिंडी असते. राज्य शंकराचे, आपण त्याचे कारभारी, या भावनेने त्यांच्या आज्ञा शंकराच्या नावाने निघत. सत्ता ही दुसऱ्याची ठेव आहे, असा त्या पिंडीचा अर्थ मला वाटतो.

इंदुरात या पुतळ्याचा विषय निघाला की आडा बाजाराची कथा येतेच. मालेरावाच्या रथाखाली वासरू चिरडले. मातेने पुत्राला तशाच मरणाची शिक्षा फर्माविली आणि स्वतः रथ हाकू लागल्या, तेव्हा तीच गाय आडवी आली. कथा हृद्य आहे, आणि उपदेशकाला तिचा मोह पडावा हे स्वाभाविक आहे. परंतु इतिहास म्हणून ती स्वीकारता येत नाही. तमिळ प्रदेशात मनुनीती चोळ राजाविषयी जवळजवळ हीच कथा कित्येक शतके आधीपासून प्रचलित आहे. बाराव्या शतकातील पेरियपुराणात ती येते, आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात त्या राजाचा पुतळाही आहे. मालेराव १७६७ साली वारला. आईनेच त्याचा अंत घडविला, अशा प्रवादाची सर जॉन माल्कम यांनी पुढे कसून चौकशी केली आणि अहिल्याबाईंना निर्दोष ठरविले.

माल्कम यांच्या १८२३ च्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात याहून साधा एक प्रसंग आहे. देवीचंद नावाचा धनाढ्य सावकार निःसंतान वारला. त्या वेळी तुकोजी होळकरांचा तळ इंदूरजवळ होता. काही स्वार्थी मंडळींच्या चिथावणीने त्यांनी त्या संपत्तीत वाटा मिळविण्याचे मनात आणले. विधवा तडक महेश्वरास गेली, कारण राजधानी तेव्हा तेथे होती. लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील विधवेला ईश्वराचे भय नसलेल्या न्यायाधीशाकडे पुनःपुन्हा जावे लागले. हिचे म्हणणे अहिल्याबाईंनी ऐकून घेतले. पतीच्या घराची व धनाची स्वामिनी म्हणून मान्यता देणारे वस्त्र तिला मिळाले. तुकोजी हे राज्याचे सेनापती. सारी फौज त्यांच्या हाती. तरीही इंदूरपासून तळ हलवावा आणि शहराला अन्याय्य मागण्यांचा उपद्रव देऊ नये, अशी आज्ञा त्यांना गेली. त्यांनी ती तत्काळ पाळली, आणि इंदूरकरांना अहिल्याबाई अधिकच प्रिय झाल्या, असे माल्कम नमूद करतात.