आतड्यातील मोठे पॉलिप : प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

शौचावाटे रक्त गेले की मूळव्याध समजून अनेकदा दुर्लक्ष होते. मात्र, अल्सरेटिव्ह कोलायटिस व क्रोन्स डिसीज या आतड्याच्या दीर्घकालीन दाहातही हे लक्षण आढळते. तिखटाने त्रास वाढू शकतो. पण कोल्हापुरी तांबडा रस्सा हे या विकाराचे मूळ कारण नव्हे.

दाहामुळे आतड्याच्या अस्तराला व्रण पडतात. ते भरून येताना मध्ये उरलेले अस्तर बोटांसारखे वाढते. हेच दाहजन्य पॉलिप. १.५ सेंटिमीटरहून मोठा पॉलिप 'महाकाय' गणला जातो.

धोका : असे पॉलिप सहसा कर्करोगात बदलत नाहीत. तथापि, ते आतड्याची वाट अडवू शकतात, रक्तस्रावाने रक्तक्षयही होतो. कोलोनोस्कोपीत ते कर्करोगाच्या गाठीसारखे दिसू शकतात. म्हणून बायोप्सी आवश्यक ठरते.

उपचार : औषधांनी दाह शमला तरी मोठे पॉलिप बहुधा विरत नाहीत. काही दुर्बिणीद्वारे काढता येतात. आतडे बंद झाल्यास किंवा कर्करोगाची शंका न फिटल्यास शस्त्रक्रिया करावी लागते.

मोठ्या आतड्याचा जुना दाह स्वतःच कर्करोगाचा धोका वाढवतो. त्यामुळे लक्षणे सुरू होऊन ८ वर्षे झाल्यावर, त्रास नसला तरी, तज्ज्ञांच्या सल्ल्याने कोलोनोस्कोपी करून घ्यावी.