लोलक प्रतिमा घडवतो का?

लोलकातून प्रकाश वाकतो हे शाळेतच कळते. त्यातून प्रतिमा तयार होते का, हा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. किरण किती वाकला याला इथे फारसे महत्त्व नाही. शेजारशेजारचे किरण एकमेकांच्या मानाने किती कमी-जास्त वाकले, हे पाहावे लागते.

1.52 अपवर्तनांकाच्या साध्या काचेचा, 60 अंशांचा लोलक घ्या. किरण आत शिरताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा पायाकडे झुकतो. दोन्ही पृष्ठांशी त्याचा कोन सारखा असेल तेव्हा विचलन सर्वांत कमी, म्हणजे सुमारे 39 अंश भरते. एवढे वळूनही दूरच्या बिंदूकडून आलेले एकाच रंगाचे समांतर किरण बाहेर समांतरच पडतात, कारण पृष्ठे सपाट आहेत. ते कुठेही एकत्र येत नाहीत, म्हणून पडद्यावर वास्तव प्रतिमा उमटत नाही. डोळा लावला तर वस्तू लोलकाच्या शिरोकोनाकडे सरकलेली दिसते. ही आभासी प्रतिमा. वस्तू जवळ असेल तर ही प्रतिमा न्यूनतम विचलनाच्या स्थितीतच नीट राहते. लोलक थोडा फिरवला की उभ्या आणि आडव्या पातळीतले किरण वेगवेगळ्या अंतरांवरून आल्यासारखे भासतात आणि बिंदूचा बिंदू राहत नाही.

मग न्यूटनने लोलकातून सूर्यप्रकाश सोडला तेव्हा भिंतीवर काय पडले होते? सूर्याचीच प्रतिमा, पण ती दिली होती खिडकीच्या झडपेतल्या लहान भोकाने. लोलकाने फक्त तिच्या प्रत्येक रंगाची प्रत वेगळ्या जागी नेली. आपल्या काचेत तांबड्या आणि निळ्या रंगांच्या विचलनातला फरक जेमतेम 0.7 अंश, आणि सूर्यबिंब स्वतःच अर्धा अंश रुंद! म्हणजे तो वर्णपट एकमेकांवर चढलेल्या रंगीत बिंबांचा पट्टा असतो. शुद्ध रंग हवे असतील तर म्हणूनच अरुंद फट लागते.

हाच विचार हवेला लावून पाहावा, आणि त्यासाठी बोर्ली पंचतनशेजारच्या दिवेआगरच्या समुद्रकिनाऱ्याइतकी चांगली जागा नाही. खाली दाट आणि वर विरळ होत जाणारी हवा क्षितिजाजवळचा किरण सरासरी 34 कलांनी, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडी जास्त, वाकवते. सूर्याचा व्यास 32 कला. त्यामुळे बिंबाची खालची कड समुद्राला टेकलेली दिसते, तेव्हा भूमितीच्या हिशेबाने सगळा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. आपण पाहतो ती वर उचललेली आभासी प्रतिमा. इथपर्यंत हवा लोलकासारखी वागली. पण वरच्या कडेकडून आलेले किरण खालच्या कडेच्या किरणांपेक्षा सुमारे 5 कला कमी वाकतात आणि बिंब चपटे होते. सारखे विचलन प्रतिमा नुसती हलवते. असमान विचलन तिचा आकार बदलते. रंगांचा फरकही इथे दिसतो. निळा-हिरवा प्रकाश अधिक उचलला जातो, निळ्याचे वाटेत विकिरण होते, आणि हवा स्वच्छ असेल तर शेवटच्या क्षणी वरची कड हिरवी चमकते. मला वर्गातल्या काचेपेक्षा हा प्रयोग कितीतरी समृद्ध वाटतो.

ही असमानता हिशेबाने आणली की भिंग होते. पातळ लोलकाचे विचलन त्याच्या शिरोकोनाच्या प्रमाणात असते: 10 अंशांचा कोन, तर 5.2 अंश वळण. मध्यापासून जसजसे दूर जावे तसतसा कोन वाढवत लोलकांची कडी एकाभोवती एक बसवली, तर मध्यासमोर योग्य अंतरावर ठेवलेल्या दिव्याचे फाकलेले किरण समांतर होऊन बाहेर पडतात. ऑगस्टिन फ्रेनेलने असे भिंग 1823 मध्ये फ्रान्समधल्या कॉर्दुआँच्या दीपगृहात बसवले. किरण उलट दिशेने सोडले तर तेच भिंग दूरच्या वस्तूची वास्तव प्रतिमा देते. मात्र कड्यांचा छेद सरळ रेषांचा ठेवला, तर प्रत्येक बिंदूचा ठिपका साधारण कड्याच्या रुंदीएवढा पसरतो. फ्रेनेलने म्हणूनच प्रत्येक कड्याला त्याच्या जागेनुसार वेगळी वक्रता दिली.