प्लॅटिपस, बालशिक्षणातील (वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात)

पूर्व ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियातील गोड्या पाण्याच्या नद्या-ओढ्यांत राहणारा, अंडी घालणारा आणि पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी. शास्त्रीय नाव ऑर्निथोऱ्हिंकस ॲनाटिनस. वजन साधारण पाऊण ते अडीच किलो, म्हणजे घरच्या मांजराहून कमीच. चित्रांच्या तक्त्यांतून मुलांना त्याची ओळख बहुधा तुकड्यातुकड्यांनी होते: बदकाची चोच, बीव्हरची शेपटी, पाणमांजराचे पाय. मालेगाव किंवा मानोरा तालुक्यातल्या पाच वर्षांच्या मुलाने बीव्हर पाहिलेला नाही आणि पाणमांजरही क्वचितच. एका अनोळखी प्राण्याची ओळख आणखी दोन अनोळखी प्राण्यांवरून करून दिली, की हाती उरते ते फक्त 'विचित्र' हे विशेषण. म्हणून लहान मुलांना प्लॅटिपस शिकवताना तो कसा दिसतो याच्या आधी तो कुठे राहतो हे सांगितले पाहिजे. त्यासाठी लागणारी साधने वाशिमच्या मुलाच्या पायाशी आहेत.

जागा सोडून प्राणी पाहिला की काय होते, याचा दाखला प्लॅटिपसच्या इतिहासातच आहे. 1798 मध्ये गव्हर्नर जॉन हंटर यांनी एक वाळलेले कातडे इंग्लंडला धाडले. 1799 मध्ये जॉर्ज शॉ यांनी त्याचे वर्णन छापले खरे, पण कुणी चोच शिवून तर लावली नाही ना, ही शंका त्यांना सुटेना. तो अंडी घालतो की नाही, यावर युरोपातले विद्वान पुढची ऐंशीहून अधिक वर्षे वाद घालत राहिले. ऑस्ट्रेलियातले मूळनिवासी लोक मात्र तो अंडी घालतो असे आधीपासून सांगत होते. नदीकाठ त्यांचा होता. 1884 मध्ये विल्यम कॉल्डवेल यांनी त्याच लोकांच्या मदतीने अंड्यांचा शोध घेतला आणि तारेने बातमी कळवली, तेव्हा कुठे विज्ञानाने ते मान्य केले. वर्गात तक्त्यावरचे चित्र दाखवून 'बघा किती गंमतशीर' म्हणणे म्हणजे मुलाच्या हाती तेच वाळके कातडे देणे होय.

जागेपासून सुरुवात केली की अवयवांचा उलगडा आपोआप होत जातो. काटेपूर्णा किंवा अडाण नदीची दरड मुलाने पाहिलेली असते. खंड्या अशाच दरडीत, कधी विहिरीच्या कच्च्या काठातही, आडवे बीळ कोरून अंडी घालतो. प्लॅटिपसची मादीही काठाच्या मातीत लांब बीळ खणते, ओला पाला शेपटीत धरून आत नेते, मातीने वाट बुजवते आणि बहुधा दोन अंडी घालते. अंडे बोराएवढे. त्याचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे टणक नसते. मातीत पुरलेल्या सरड्याच्या अंड्यासारखे चिवट असते. कोंबडी एकवीस दिवस अंडी उबवते, ही मादी सुमारे दहा दिवस. पिलांना स्तनाग्रे मिळत नाहीत. पोटाच्या कातडीतून पाझरलेले दूध ती चाटतात. तिची 'चोच' तर चोच नव्हेच. ती मऊ आणि ओलसर असते, तिच्यावर कातडे असते आणि नाकपुड्या वरच्या बाजूला. बुडी मारताच डोळे, कान, नाक मिटते. मग गढूळ तळातले झिंगे, अळ्या, गांडुळे कशी सापडणार? भक्ष्य हलले की त्याच्या स्नायूंतून निघणारी क्षीण वीज ती चोच टिपते.

हे बालवाडीत करून पाहता येते. घमेल्यात गढूळ पाणी घ्यावे, तळाशी गोटे आणि त्यांत दहा हरभरे टाकावेत, मुलाचे डोळे बांधावेत आणि फक्त बोटांच्या टोकांनी हरभरे काढायला सांगावे. मूल घाई सोडते, बोटे सावकाश फिरवते, गोटा आणि हरभरा यांत फरक करते. पण इथे शिक्षकाने प्रामाणिक राहायला हवे: आपली बोटे स्पर्श ओळखतात, वीज नाही. दोन्ही एकच आहेत असे भासवले तर खेळ राहील, ज्ञान बिघडेल.

यावर पहिला आक्षेप असा, की परक्या खंडातला प्राणी हवाच कशाला? आधी परिसर शिकवा. आक्षेप वजनदार आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली, ती याच विचाराने. बालभारतीने तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार काढले, तेही त्याच वाटेने. कारंजा-सोहोळ अभयारण्यातला काळवीट आणि शेतात शिरणारे रोही मुलाला आधी कळलेच पाहिजेत. पण काळवीट माळरानावर का राहतो, हा प्रश्न जवळचेपणामुळेच सुचत नाही. तो तिथे असतोच, इतकेच मूल धरून चालते. दूरच्या प्राण्याबाबत 'तिथेच का?' असे विचारावे लागते, आणि एकदा तो प्रश्न जिभेवर बसला की मूल तो काळविटालाही लावते. जवळचे मोजमाप आणि दूरचे कुतूहल यांचा असा मेळ घातला तर परिसर अभ्यासाचे नुकसान होत नाही.

दुसरा आक्षेप वयाचा. सस्तन म्हणजे काय हेच ठाऊक नसताना अपवाद सांगून गोंधळ होईल, ही भीती रास्त आहे. म्हणून आठ वर्षांपर्यंत वर्गीकरण सांगूच नये. 'दूध पाजतो आणि अंडीही घालतो' एवढे पुरे. नराच्या मागच्या पायावरचा विषारी काटाही ओझरता सांगावा, नाहीतर पोरे त्यातच अडकतात. तिसरा आक्षेप, आश्चर्य हिरावले जाईल, हा मात्र टिकत नाही. मिटल्या डोळ्यांनी शिकार शोधणे हे जोडलेल्या चोचीपेक्षा कितीतरी अधिक आश्चर्याचे आहे. प्रत्यक्ष दर्शनाचा पर्याय तसाही नाही: ऑस्ट्रेलियाबाहेर हा प्राणी पाहायचा तर 2019 पासून अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या प्राणिबागेत.

वाशिमच्या मुलाची एक बाजू फार भक्कम आहे. वैशाखात नदी आटते, डोहात थोडे पाणी उरते, कडेची माती भेगाळते, हे त्याला सांगावे लागत नाही. 2019 च्या अवर्षणात ऑस्ट्रेलियातल्या ओढ्यांचे तसेच झाले. धरणांनी अडलेले प्रवाह, तुटलेली काठची झाडे आणि खेकड्यांसारख्या प्राण्यांसाठी लावलेल्या पिंजऱ्यांत गुदमरून होणारे मृत्यू यांमुळे व्हिक्टोरिया राज्याने 2021 मध्ये प्लॅटिपसला असुरक्षित ठरवले. 'पाणी आटल्यावर तो कुठे जातो?' हा प्रश्न या मुलाकडून येतो तेव्हा तो मनापासूनचा असतो. उत्तरही खरेच द्यावे: उरलेल्या डोहाकडे, कधी जमिनीवरून चालत, आणि त्या वाटेवर कोल्हे-कुत्री त्याला धरतात.

मग हमखास विचारले जाते, तो आपल्या पैनगंगेत का नाही? लहानांना इतके पुरते, की मधे खारा समुद्र आहे आणि हा गोड्या पाण्याचा प्राणी तो ओलांडू शकत नाही. थोड्या मोठ्यांना पुढचे सांगता येते. ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, दक्षिण अमेरिका आणि भारत कधीकाळी एका भूखंडात होते. भारत त्यातून लवकर सुटून उत्तरेकडे निघाला. प्लॅटिपसच्या एका प्राचीन नातेवाइकाचे सुमारे 6.1 कोटी वर्षांपूर्वीचे दात दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियात सापडले आहेत. त्याआधी थोडेच, 6.6 कोटी वर्षांच्या सुमारास, वाटेवरच्या भारतात लाव्हा पसरत होता. मुलाच्या पायाखालची काळी माती त्याच लाव्हाच्या खडकाची आहे.