खुलताबाद : कबरींमधून पायी

खुलताबादला मी पहिल्यांदा गेलो तो औरंगजेबासाठी नव्हे, साखरखेर्ड्यासाठी. आमच्या रिठदपासून साखरखेर्डा फार लांब नाही. रिसोड तालुका ओलांडला की बुलडाणा जिल्हा लागतो. तिथे ऑक्टोबर 1724 मध्ये निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाला हरवले. मुबारिजखान रणात पडला आणि वऱ्हाडासकट दख्खनचा सुभा निजामाकडे गेला. वऱ्हाडचा कारभार 1853 मध्ये इंग्रजांकडे जाईपर्यंत आमच्या बापजाद्यांच्या शेतसाऱ्याची गोष्ट तिथूनच सुरू होते. लढाई जिंकणारा माणूस पुरला कुठे, एवढाच माझा प्रश्न होता.

तो पुरला आहे खुलताबादेत, बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आवारात. 1748 साली बुऱ्हाणपुरात मेला आणि इथे आणला गेला. मुलगा नासिरजंगही तिथेच. मी विचारले तेव्हा वाटाड्या म्हणाला, "त्याला कोणी पाहत नाही, साहेब. औरंगजेब दाखवतो, चला."

त्याचीही चूक म्हणता येत नाही. वेरूळला निघालेली गाडी वाटेत थोडा वेळ थांबते आणि तेवढ्यात एकच कबर दाखवून होते. ती झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात आहे. वर छत नाही, कबरीच्या मातीत सब्जाचे रोप. टोप्या शिवून मिळालेल्या पैशांतून कफनाचा खर्च करावा, ही गोष्ट प्रत्येक वाटाड्या सांगतो. संगमरवरी जाळी मात्र बादशहाच्या साधेपणातली नाही, ती लॉर्ड कर्झनच्या काळातली. मार्च 2025 नंतर तर या एका कबरीच्या वादापुढे गावातले बाकी सगळे झाकूनच गेले.

म्हणून मी वाटाड्या सोडला आणि पायी फिरलो. पुढच्या खेपांना दोन-चार शिक्षक मित्रांनाही घेऊन गेलो. आमचा क्रम ठरलेला. आधी बुऱ्हाणुद्दीन, मग समोरचे झैनुद्दीन, मग शाह राजू कत्ताल. हे राजू कत्ताल म्हणजे गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदानवाजांचे वडील. त्यांच्या दर्ग्यात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह आहे. औरंगजेबाने 1687 मध्ये त्याचे राज्य घेतले आणि दौलताबादच्या चिनी महालात त्याला मरेपर्यंत ठेवले. कैदी आणि कैद करणारा आज एकाच गावात आहेत. मी सोबत्यांना इथे थोडे बसायला सांगतो.

शहरातली गर्दी मागे पडली की मलिक अंबर. लहानपणी हबसाणात गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा निजामशाहीचा कर्ता होतो, 1610 च्या सुमारास खडकी वसवतो (हीच पुढे औरंगाबाद झाली), 1624 मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांना एकत्र धूळ चारतो. दोनच वर्षांनी तो वारला. त्याच्या जमीनधाऱ्याचे कौतुक आपल्या पाठ्यपुस्तकांत असते. घुमटाखाली उभे राहून त्याचे नाव घेणारी माणसे मात्र मला फार थोडी भेटली. जवळच त्याची बायको करीमा हिची कबर आहे.

या गावात असे फिरणे नवे नाही, हे मला नंतर कळले. अठराव्या शतकात आझाद बिलग्रामी या विद्वानाने 'रौजतुल औलिया' हे फारसी पुस्तक लिहिले. त्यात इथल्या दहा अवलियांची चरित्रे आहेत. जियारतीला येणाऱ्या माणसाला कुठल्या कबरीत कोण आहे हे कळावे, हा त्याचा उपयोग. बुऱ्हाणुद्दीन 1337 मध्ये वारले, तेव्हापासून माणसे इथे येतच आहेत. लंडनच्या हायगेट दफनभूमीच्या जुन्या भागात कितीतरी वर्षे वाटाड्याशिवाय सोडतच नसत. आपल्याकडे वाटाड्या अडीचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे, फक्त तो फारसीत आहे.

आझाद स्वतः 1786 मध्ये वारला आणि इथेच, कवी अमीर हसन सिजझीच्या शेजारी पुरला गेला. अमीर हसन म्हणजे दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांची संभाषणे लिहून ठेवणारा शिष्य. महंमद तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा इकडे आला. पोरांची बुद्धी तल्लख व्हावी म्हणून त्याच्या कबरीवरची साखर ओठांनी उचलायला लावत, असे सांगतात. माझ्यासोबत आलेल्या गणिताच्या गुरुजींनी ही प्रथा फार मनावर घेतली, पण त्या दिवशी साखर कुणाजवळच नव्हती.

परतताना भद्रा मारुतीच्या रस्त्याला चालत निघालेली माणसे भेटली. श्रावणातला शुक्रवार होता. शनिवारच्या दर्शनासाठी संभाजीनगरहून रात्रभर चालत येणारी ही पोरे दर्ग्याच्या भिंतीला पाठ टेकून पाणी पीत होती. एकाने विचारले, "आत कोण आहे हो?" मी सांगायला लागलो, आणि त्यांच्यातले तिघे ऐकत थांबले. बाकीचे पुढे गेले.